‘पिल्लाच्या चावण्याला इंजेक्शन लागत नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘नवीन पिल्लू घरी आणताय? हे ११ नियम पाळा, डॉक्टरकडे जायची वेळच येणार नाही’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. वर गुबगुबीत लॅब्रेडॉरचा फोटो, खाली ‘एका अनुभवी श्वानतज्ज्ञाकडून’ एवढीच सही. तज्ज्ञाचं नाव नाही, गाव नाही. असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. हा वाचावा लागला, कारण साताऱ्याच्या माझ्या मामेबहिणीने तो तंतोतंत पाळायला घेतला. तिच्या मुलाने सोसायटीच्या पार्किंगमधून एक गावठी पिल्लू उचलून आणलं. खेळता खेळता ते त्याच्या घोट्याला चावलं. फोनवर मी विचारलं, इंजेक्शन घेतलं का? उत्तर म्हणून हा मेसेज आला आणि मागोमाग, ‘‘ताई, सातवा पॉइंट वाच.’’

तर सातव्यापासूनच सुरुवात करू. तो असा आहे: ‘तीन महिन्यांच्या आतील पिल्लाला रेबीज होत नाही. त्याचे दात किंवा नख लागल्यास इंजेक्शनची गरज नाही. जखमेवर हळद-चुना लावावा. पोटातली १४ इंजेक्शने देऊन मुलांना विनाकारण त्रास देऊ नये.’

चार वाक्यं, चारही चूक. बाकीच्या दहा मुद्द्यांनी फार तर पिल्लाचे हाल होतील. या एकाने पोर जाईल.

रेबीजचा विषाणू वय बघत नाही. पिसाळलेलं कुत्रं चार आठवड्यांच्या पिल्लाला चावलं, तर त्या पिल्लालाही रेबीज होतो, आणि लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासून त्याच्या लाळेत विषाणू असू शकतो. पार्किंगमध्ये सापडलेल्या पिल्लाची आई कोण, तिला कोण चावलं होतं, हे कुणाला माहीत असतं? शिवाय पिल्लू पिसाळलं की सिनेमातल्यासारखं तोंडाला फेस आणून अंगावर धावून येईलच असं नाही. ते नुसतं मलूल होईल, आवाज बसेल, जबडा लोंबेल, लाळ गळेल. घरातले म्हणतील, ‘घशात काहीतरी अडकलंय वाटतं’, आणि तोंडात बोट घालून बघतील.

उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू २०२५ मध्ये रेबीजने गेला. नाल्यात अडकलेलं पिल्लू त्याने बाहेर काढलं होतं, तेव्हा ते त्याला चावलं. किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही. देशभरातल्या पेपरात ही बातमी होती. ती आमच्या फॅमिली ग्रुपपर्यंत आली नाही, हा मेसेज मात्र बरोबर आला.

यात अर्धवट सत्य कुठून शिरलं असेल, याचा मला अंदाज आहे. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. त्याआधी आईकडून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारे घटक) शरीरात असतात आणि लसीचा परिणाम नीट होऊ देत नाहीत. म्हणजे ‘तीन महिन्यांच्या आत लस देत नाहीत’ हे ठीक. त्याचं कुणीतरी ‘तीन महिन्यांच्या आत रोगच होत नाही’ करून टाकलं. अर्थ बरोबर उलटा निघतो: तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला लसीचं संरक्षण नसतं, म्हणून तर जास्त सांभाळायचं.

आता हळद-चुना. बहिणीने व्हिडिओ कॉलवर घोटा दाखवला. चुना लागला की हळद लालभडक होते, त्यामुळे रक्त कुठलं आणि लेप कुठला तेच कळेना. नळाखाली धुवायला लावल्यावर खाली दोन बारीक भोकं दिसली, सुईने टोचावं तशी. दुधाचे दात असेच असतात. जखम चिमुकली दिसते, पण दात कातडीच्या आत गेलेला असतो. इथे सगळ्यात पहिलं औषध म्हणजे साबण आणि वाहतं पाणी, आणि तेही घड्याळ लावून १५ मिनिटं. या विषाणूच्या बाहेर स्निग्ध आवरण असतं, साबणाने ते फुटतं. हळद, चुना, मिरची, तेल, कॉफी यांनी विषाणू मरत नाही, जखम मात्र चिडते आणि धुण्याची वेळ निघून जाते. हे माझं मत नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय रेबीज नियंत्रण कार्यक्रमाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. ज्याला वाद घालायचा असेल त्याने आधी ती पुस्तिका वाचावी, इंटरनेटवर फुकट मिळते.

त्याच पुस्तिकेतलं आणखी थोडं. धडधाकट कातडीवर पिल्लाने नुसतं चाटलं तर काही लागत नाही, धुऊन टाका. कपड्याने न झाकलेल्या कातडीवर दात नुसते लागले किंवा रक्त न येता ओरखडा उठला, तर लस. दात आत गेला, रक्त आलं किंवा आधीच्या जखमेवर लाळ लागली, तर लस आणि शिवाय जखमेत आणि तिच्याभोवती देण्याचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आमच्याकडचा घोटा या तिसऱ्या गटातला. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते हे खरं, पण लस लगेच सुरू करून. दहा दिवसांनी कुत्रं ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचं काय ते डॉक्टर ठरवतील. नजर ठेवू आणि मग बघू, असा त्याचा अर्थ नाही.

आणि ती पोटातली १४ इंजेक्शनं! ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस होती, कसौलीला शोधलेली. आपल्या देशात ती २००५ च्या सुमाराला बंदच झाली. आता दंडात देतात: स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. सरकारी दवाखान्यात फुकट. ज्या मुलाला शाळेच्या लसी टोचून घेता येतात त्याला यात कसला आलाय त्रास? बहिणीचा पुढचा प्रश्न, ‘‘अगं पण आता दोन दिवस झाले, चोवीस तासांत घ्यावं लागतं ना?’’ नाही. जितकं लवकर तितकं बरं, पण उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं नसतं. लक्षणं दिसायला बहुतेकदा दोन-तीन महिने लागतात, कधी आठवडा, कधी वर्ष. एकदा दिसली की मग कुणाच्याच हातात फारसं काही राहत नाही. त्याच संध्याकाळी मुलाला सिव्हिलला नेलं.

सहावा मुद्दा याचाच भाऊ: ‘घरात राहणाऱ्या पिल्लाला लसींची गरज नाही, तो कंपन्यांचा धंदा आहे.’ पिल्लू घरात राहतं, पण तुमच्या चपला घरात राहतात का? पार्व्हो विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि तळव्याला चिकटून आत येतो. पिल्लू आधी खाणं सोडतं, मग उलट्या, मग रक्ताचे घाण वासाचे जुलाब. ‘दूध बाधलं’ म्हणून घरचे दोन दिवस ताक-भात देत बसतात आणि तेवढ्यात अंगातलं पाणी संपून पिल्लू जातं. डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने १६ आठवड्यांपर्यंत चालतात. एक डोस देऊन ‘झालं लसीकरण’ म्हणणारेही याच माळेतले. लसी पूर्ण होईपर्यंत जिथे अनोळखी कुत्री हगतात-मुततात तिथे त्याला खाली सोडू नका. कडेवर घेऊन खुशाल फिरा.

पहिला मुद्दा खाण्याचा: ‘दूध-चपाती हाच परिपूर्ण आहार. सकाळ-संध्याकाळ पोटभर द्यावा.’ इथे थोडं मान्य करावं लागतं. गावाकडे कुत्री दूध-भाकरीवर वाढली हे खरं, माझ्या आजोळीही वाढली. पण ती उंदीर-घुशी खायची, खाटकाच्या दुकानामागे जायची, आणि जी जगली तीच आपल्याला आठवतात. एका वेताच्या पाच-सहा पिल्लांतली किती मोठी व्हायची, हे कुणी मोजलं नाही. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि लॅक्टोज (दुधातली साखर) कमी. त्यामुळे वाटीभर गाईचं किंवा म्हशीचं दूध प्यायलं की बऱ्याच पिल्लांना ढाळ लागतात. चपाती विष नाही, पण तिने पोट भरतं आणि अंग भरत नाही. परवडत असेल तर पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्या. तयार खाद्याच्या किमती बघून डोळे पांढरे होतात आणि काही दुकानदार नको तेवढं गळ्यात मारतात, हे मी नाकारत नाही. घरचंच द्यायचं असेल तर अंडं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन, भात, थोडं दही असं देता येतं, फक्त प्रमाण पशुवैद्याकडून ठरवून घ्या, कारण वाढत्या हाडांचा हिशेब अंदाजाने जमत नाही.

दोनदा पोटभर हेही चूकच. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा थोडं थोडं, मग सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा. लहान चणीच्या पिल्लाला फार वेळ उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरून ते लटपटायला लागतं. आणि आधी जे खात होतं तेच सुरुवातीला चालू ठेवा, नवीन खाणं आठवडाभरात हळूहळू मिसळत जा. आमच्या या पिल्लाचे जुलाब बदललेल्या खाण्याचे होते की जंतांचे, कळायला मार्ग नव्हता, कारण पहिल्याच दिवशी त्याला दूध, बिस्किट, पनीर आणि श्रीखंड सगळं मिळालं होतं.

जंतांवरून पाचवा मुद्दा: ‘रोज लसणाची एक पाकळी, जंत मरतात.’ जंत मरत नाहीत. लसूण आणि कांदा, कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि पिल्लाचं वजन ते किती! पिल्लं बहुतेकदा आईच्या पोटातूनच गोल जंत घेऊन येतात, म्हणून जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून देतात, आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा. हे जंत माणसांच्या मुलांनाही होतात, तेव्हा हात धुवायला लावा.

‘कॅल्शियमचं सिरप रोज द्या, कान उभे राहतात’ हा तिसरा मुद्दा जर्मन शेफर्डवाल्यांचा फार लाडका. कान कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे असतात, दात येण्याच्या काळात पडतात आणि परत उठतात. समतोल खाद्यावर असलेल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं बिघडतात, कारण या वयात जादाचं कॅल्शियम आतड्यातच अडवणं त्यांना जमत नाही. चौथ्यातली शिजवलेली हाडं: फुटून टोकदार होतात, आतडं फाडतात. दहाव्यातले भिजवलेले मनुके: मूत्रपिंडं निकामी करू शकतात. द्राक्षंसुद्धा.

दुसरा मुद्दा म्हणतो, ‘३० दिवसांचं पिल्लू आणावं म्हणजे लळा लागतो.’ विकणाऱ्याला हे फारच सोयीचं, महिनाभराचा खर्च वाचतो. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं हे कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बेकायदा आहे. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू भावंडांशी मारामारी करताना शिकतं. ती शाळा अर्धवट सोडवून आणलेलं पिल्लू मग तुमच्या घोट्यांवर शिकतं. पिल्लू जितकं लहान तितकं जग लवकर ओळखीचं होतं, एवढं त्यात खरं. पण तो काळ तीन महिन्यांच्या थोडा पुढेपर्यंत असतो, आठव्या आठवड्यात आणलं तरी भरपूर उरतो.

आणखी एक मुद्दा: ‘रात्री रडलं तर बाल्कनीत ठेवून दार लावावं, दोन दिवसांत गप्प होतं.’ होतं गप्प, हाक मारून कुणी येत नाही हे कळल्यावर. पहिले काही दिवस त्याची खोकी किंवा टोपली तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, हात खाली सोडता येईल इतकी. रात्री एक-दोनदा उठून शू करायला न्यावंच लागतं. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी पिल्लू आणू नये. घरात केलेल्या शू-शीमध्ये पिल्लाचं नाक घासण्याच्या मुद्द्याबद्दल तर लिहायचाही कंटाळा आलाय. त्याने पिल्लू एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायचं नाही, सोफ्यामागे करायचं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि तिथे केलं की शाबासकी द्या.

अकरावा मुद्दा: ‘अंग गरम लागल्यास पॅरासिटामॉलची पाव गोळी द्यावी.’ कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आपल्या हाताला ते गरम लागणारच. आणि पॅरासिटामॉल पिल्लाच्या यकृतावर आणि रक्तावर उठतं, पाव गोळीसुद्धा इवल्याशा जिवाला जास्त होऊ शकते. बहिणीकडे तर गोळीची पाव पाव तुकड्यांची पुडी तयार होती. ती फेकायला लावली आणि पिल्लासाठी वेगळा डिजिटल थर्मामीटर घ्यायला सांगितला. टोकाला व्हॅसलिन लावून तो गुदद्वारात जेमतेम आत धरायचा. १०३ च्या वर गेला आणि पिल्लू खात नसेल, तर सरळ गाडी काढायची. साताऱ्यात कुणी मिळालं नाही तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्याच्या वाटेवरच.