बदाम येतेच, पण कितीले?

पोळा जवळ आला की गावात पत्ते निघतात. यंदा पानठेल्यापुढच्या बाकड्यावर वाद पेटला तो पोकरवरून. नागपूरला शिकणारा पुतण्या सांगत होता, "हातात दोन बदाम, खाली तीन पानं उघडी, त्यात दोन बदाम. फ्लशले, म्हंजे पाचही पानं बदामचीच व्हाले, एकच कमी. बदाम उरले 9, न दिसलेली पानं 47. पुढचं पान बदाम निघाची शक्यता 19 टक्के."

"म्हंजे पाचातून चारदा बुडणं," ट्रॅक्टरवाले भाऊ म्हणाले. "मंग पत्ते टाकून दे ना बे!"

मी पोरग्याची बाजू घेतली. नुसत्या शक्यतेवर काहीच ठरत नाही, खाली पैसे किती पडलेत तेही पाहावं लागतं. समजा 900 पडलेत आणि पुढचं पान बघायला 100 लागतात. फ्लश लागला की डाव आपला, असं धरू. 47 वेळा हाच प्रसंग आला तर 9 वेळा 900 येतील, म्हणजे 8,100. 38 वेळा 100 जातील, म्हणजे 3,800. बघायचं. खाली 300च असतील तर येणार 2,700, जाणार तेच 3,800. पत्ते तेच, शक्यता तीच, निर्णय उलटा.

भाऊंना पटेना. "चार डाव झाले, बदाम नाई आला. आता येतेच. माहा अनुभव हाये."

हे मात्र मी ऐकून घेतलं नाही. कॅट पिसला की मागच्या डावाचं त्यात काही उरत नाही. या एका समजुतीपायी कापसाचे पैसे गेलेले मी पाहिलेत.

मग मास्तर बोलले. "गणित गणित करता, त तीन पत्तीत ट्रेल, म्हंजे तीन सारखी पानं, सगळ्यात मोठा काहून? तीन पानांचे 22,100 हात होतेत. त्यात ट्रेल 52, अन् प्युअर सिक्वेन्स, म्हंजे एकाच चिन्हाची ओळीनं तीन पानं, 48च, तरी तो खाली!" खरंच आहे. हातांची पायरी लोकांनी ठरवली, ते किती वेळा येतील हे नाही.

"पण काका, तीन पत्तीत पुढचं पान येतच नाई. माहा हिशोब तिथं कसा चालन?"

तसाच्या तसा नाही चालत. तिथे प्रश्न समोरच्याच्या हाताचा. 22,100 पैकी 16,440 हातांत जोडी, कलर (तिन्ही पानं एकाच चिन्हाची), सिक्वेन्स काहीच नसतं. म्हणून समोर एकच असला तर जोडी भारी. तिघं असले तर तिघांचेही हात रिकामे असण्याची शक्यता 41 टक्क्यांच्या आसपास येते.

"मंग जोडीवर खेळाचं का नाई?" भाऊ.

"न पाहता नाई, पत्ते पाहून किती जण खेळून रायलेत?" मास्तरांनी विचारलं.

"तिघंही."

"मंग ते 41 सोडा. पाहून पैसे लावणारा रिकाम्या हाताचा कमीच रायते."