छडी परत आणा म्हणणाऱ्यांना बडोद्यातून उत्तर

दांडिया बाजार असो की मांजलपूर, बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एकच मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: पूर्वी मास्तर फोडून काढायचे म्हणून आपली पिढी घडली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकांचे हात बांधले आणि मुलं हाताबाहेर गेली. कौतुकाने पोरं लाडावतात, धाक हवाच. आणि ते वर्गातले नवे प्रयोग परदेशात चालतात, आपल्याकडे नाही. मी मराठी माध्यमाच्या शाळेत प्राथमिकला शिकवते. माझ्याच वर्गातल्या पालकांनी मला हे पाठवलंय, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

छडीने पिढी घडली म्हणतात, ती नेमकी कोणाची? १९६१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता २८.३ टक्के होती. मार खाऊनही जे शाळेत टिकले, ते आज मोबाइलवर हे लिहितायत. माराच्या भीतीने ज्यांनी चौथीतच शाळेला रामराम ठोकला, त्यांचा अनुभव या मजकुरात कुठेच नाही. आपल्या बडोद्यापुरतं बोलायचं, तर पणजोबांच्या अक्षरओळखीचं श्रेय आधी सयाजीराव महाराजांना जातं. त्यांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. त्या सक्तीत मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. शाळा उघडल्या, फी माफ झाली, म्हणून मुलं शिकली.

कायद्याचा मुद्दा लवकर आटोपतो. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करतं. वर्गाचे नियम ठरवणं, मुलाची जागा बदलणं, पालकांना बोलावून घेणं, चुकलं तर चुकलं म्हणून स्पष्ट सांगणं, यांतल्या कशालाही मनाई नाही. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याआधी, २००७ मध्ये, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने केलेल्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी मार मिळतो असं सांगितलं होतं. म्हणजे छडी जोरात होती. आणि त्याच काळातल्या 'असर' या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहण्यांत ग्रामीण भागातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत नव्हता. माराने वाचन येत असतं, तर तेव्हा ते यायला हवं होतं.

धाकाचा मुद्दा मात्र मला सविस्तर घ्यायचाय, कारण बहुतेक पालकांना मनापासून पटलेला तोच आहे.

अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत १९६८ साली एक साधी गोष्ट तपासली गेली. शिक्षिकांनी आधी फक्त नियम सांगितले, वर्गात फरक जवळजवळ पडला नाही. मग त्यांनी बारीकसारीक खोड्यांकडे दुर्लक्ष केलं आणि जे मूल कामाला लागलंय त्याचं तिथल्या तिथे कौतुक केलं. दंगा कमी झाला. हे बंद केल्यावर पुन्हा वाढला. १९७० च्या दुसऱ्या एका अभ्यासात रागावण्याचीच तपासणी झाली. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ओरडल्यापेक्षा फक्त त्या मुलाला ऐकू येईल अशा हलक्या आवाजात टोकलं, तर बहुतेक मुलांचा दंगा घटला.

याची प्रचिती मी रोज घेते. तिसऱ्या बाकावरचा मुलगा कंपासचं झाकण टकटक वाजवत असतो. फळ्याजवळून ओरडले, तर तीस जणांच्या माना त्याच्याकडे वळतात आणि तो तेवढ्यापुरता हिरो होतो. शिकवता शिकवता त्याच्या बाकाशी गेले, झाकणावर हात ठेवला आणि 'दुसरं उदाहरण झालं की मला दाखव' एवढंच कानाशी म्हटलं, तर बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

पण याहून महत्त्वाची गोष्ट त्याच्या वहीत सापडते. ५२ वजा २७ याचं उत्तर तो ३५ लिहितो. मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढायचा एवढंच त्याला कळलंय, म्हणून सातातून दोन काढून तो मोकळा होतो. हातच्याची वजाबाकी त्याला आलेलीच नाही, आणि फळ्यावर मी भागाकार मांडतेय. टकटक सुरू होते ती नेमकी भागाकाराच्या तासाला. छडी असती तर तो गप्प बसला असता, शेजाऱ्याचं बघून बरोबर उत्तर उतरवून मोकळा झाला असता आणि मला त्याचं ३५ कधी दिसलंच नसतं. धाकाचं मोठं नुकसान मला हेच वाटतं: मूल कुठे अडलंय ते शिक्षकापासून लपवायला शिकतं. अशा मुलाला उगाच 'शाब्बास, शाब्बास' म्हणूनही भागत नाही. 'आज दशकातून हातचा घेतलास, बरोबर' असं नेमकं सांगितलं, की पुढच्या उदाहरणात तो ते पुन्हा करून बघतो.

राहिला परदेशाचा मुद्दा. १९६९ साली अमेरिकेतल्या एका चौथीच्या वर्गात दोन गट पाडून खेळ सुरू केला. जागा सोडली किंवा मध्येच बोललं, की त्या गटाच्या नावे फळ्यावर खूण करायची. कमी खुणांचा गट जिंकायचा, आणि दोन्ही गटांच्या खुणा मर्यादेत राहिल्या तर दोन्ही जिंकायचे. बक्षीस म्हणून जेवणाच्या रांगेत आधी नंबर, थोडा मोकळा वेळ, असलं काहीतरी. दंगा झपाट्याने उतरला. पुढे १९८५ च्या सुमारास बाल्टिमोरमधल्या पहिलीच्या वर्गांत हाच खेळ घेतला आणि ती मुलं १९ ते २१ वर्षांची होईपर्यंत त्यांचा मागोवा ठेवला. लहानपणी जे मुलगे जास्त आक्रमक होते, त्यांच्यात मोठेपणी व्यसनाचं प्रमाण हा खेळ न खेळलेल्या तशाच मुलग्यांपेक्षा कमी आढळलं. याला खडू आणि फळा सोडून काय लागतं?

आणि परदेशाचंच कशाला, आपल्या बडोद्याचं घ्या. २००१ ते २००३ या काळात शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेचा बालसखी कार्यक्रम मुंबईबरोबर बडोद्याच्या महापालिका शाळांत चालला, आणि तो अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोरपणे तपासला. या दोघांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी बालसखी म्हणून नेमायची. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं तिने शाळेच्याच वेळात रोज सुमारे दोन तास वेगळी घेऊन बसायचं आणि पहिली-दुसरीचं वाचन, आकडे पक्के करून घ्यायचे. दुसऱ्या वर्षी सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप), आणि ही वाढ मुख्यतः तळाच्या मुलांची होती. विशेष म्हणजे मूळ वर्गात उरलेल्या मुलांची संख्या कमी होऊनही त्यांच्या गुणांत म्हणावा तसा फरक पडला नाही. म्हणजे मूल जिथे अडलंय तिथून शिकवणं, हे कामी आलं. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात फायदा बराच ओसरला, हेही खरं. त्यावरून मला तरी एवढंच कळतं, की ही मदत एकदोन वर्षांची नको, कायमची हवी.

त्या मजकुरातली एक तक्रार मला मान्य आहे. शिक्षक एकटा पडलाय. निवडणुकीची कामं, जनगणना, माहिती भरणं, यांतून वेळ काढून पाच पातळ्यांची मुलं एकाच वेळी सांभाळायची असतात. पण त्यावर मागायचं असेल तर छडी कशाला मागता? वर्गात दुसरं माणूस मागा. आणि ते मिळेपर्यंत, आपल्या ग्रुपांवर बँकेतून, वीज मंडळातून निवृत्त झालेले कितीतरी काका-काकू आहेत. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, आठवड्यातले दोन दिवस सांगा, आणि चार-पाच मुलांना घेऊन हातच्याच्या वजाबाकीपासून सुरुवात करा. पेन्सिल, कागद आणि दशक बांधायला आइस्क्रीमच्या काड्या आमच्याकडे आहेत.