आर्नो नदीत धुतलेली लक्तरं

आपल्याकडे इटली म्हटलं की मॅझिनी आणि गॅरिबाल्डी. सावरकरांनी मॅझिनी १९०७ सालीच मराठीत आणला, त्यामुळे इटलीचं एकीकरण म्हणजे शपथा, गुप्त मंडळ्या आणि लाल डगले हे चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मला मात्र त्या सगळ्यात एका कादंबरीच्या धुण्याचं फार अप्रूप वाटतं.

ती लिहिणारा आलेस्सांद्रो मान्झोनी मिलानचा. बोलायला मिलानी बोली, नाहीतर फ्रेंच. त्याची 'इ प्रोमेस्सी स्पोझी' (म्हणजे वाग्दत्त वधू-वर) ही कादंबरी १८२७ मध्ये आली आणि गाजली. पण तिची अर्धी पुस्तकी, अर्धी लोंबार्ड, म्हणजे मिलानकडची, भाषा त्यालाच खुपत होती. त्याच वर्षी तो फ्लोरेन्सला गेला, तिथली बोली कान देऊन ऐकली आणि पुढची कित्येक वर्षं छापून झालेली कादंबरी पुन्हा लिहीत बसला! 'तो' या अर्थाचा पुस्तकी 'एल्यी' जागोजाग काढून लोकांच्या तोंडचा 'लुई' घातला. शंका विचारायला एमिलिया लुती ही फ्लोरेन्सची शिक्षिका. १८४०-४२ची नवी आवृत्ती तिला भेट देताना त्यानं लिहिलं की ही लक्तरं तुम्हीच आर्नोत, म्हणजे फ्लोरेन्सच्या नदीत, धुतलीत. (आपण लक्तरं थेट वेशीवर टांगतो, ते सोडा.)

१८६१ मध्ये देश झाला तेव्हा इटालियन बोलणारे होते किती? भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांचा अंदाज जेमतेम अडीच टक्क्यांचा. इतर काही अभ्यासक दहाच्या आसपास नेतात. म्हणजे देश आधी, बोलणारे नंतर. मग १८६८ मध्ये सरकारनं मान्झोनीलाच विचारलं, भाषा पसरवायची कशी? त्याचं उत्तर एकच, फ्लोरेन्सची बोली.

इथे माझं त्याच्याशी जमत नाही. ग्रात्सियादियो आस्कोली या भाषापंडितानं १८७३ मध्येच हरकत घेतली होती, की एका शहराची बोली अख्ख्या देशावर अशी लादता येत नाही. मी आस्कोलीच्या बाजूचा. तसंही सगळे इटालियन बोलू लागले ते सक्तीची लष्करभरती, पोटासाठीची स्थलांतरं आणि १९५४ नंतरच्या टीव्हीमुळे. कादंबरीनं साचा दिला, एवढं श्रेय तिचं.

कादंबरीत एक प्रसंग आहे. गुंडांना घाबरलेला पाद्री लग्न लावायचं टाळतोय आणि कारणं म्हणून लॅटिन शब्द फेकतोय. रेशीम विणणारा रेन्झो वैतागून म्हणतो, "तुमच्या या लातिनोरुमचं मी काय करू?" पुढे हीच कादंबरी शाळेत लागली. घरी सिसिलियन बोलणाऱ्या पोरांना ती वाचताना तिची धुतलेली फ्लोरेन्टाइन लातिनोरुमच वाटली असणार.