शोभतंय का हे, म्हणे

सकाळी मामा चहाला आला. आई गच्चीवर लाठी फिरवत होती. बघून म्हणाला, "आक्का, शोभतंय का ह्या वयात? पडलीस म्हंजे?" आईनं लाठी दारामागं ठेवली आणि दुपारपर्यंत गप्प बसून राहिली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

मामा, पडायचं ते ती आधीच पडलीय. तीन वर्षांपूर्वी, न्हाणीघरात, हातात लाठी नसताना. हाड वाचलं, पण भीती बसली. भिंत धरून चालायची. जिना बंद, देऊळ बंद, चालणंच नाही म्हटल्यावर पायातला जोरही गेला. तेव्हा तू आरामखुर्ची आणलीस. चांगली आहे, आम्ही तिच्यावर वाळलेले कपडे टाकतो.

मग आई तालमीत लाठी शिकायला जायला लागली. वस्तादांनी दोन महिने लाठी हातात दिलीच नाही. नुसता पवित्रा. गुडघे वाकवून वजन ह्या पायावरून त्या पायावर. मग पहिला हात (म्हणजे लाठी फिरवायचा डाव), दुसरा हात, वळण. मनगट फिरतंय, पाय वळतोय, नजर तिसरीकडं, आणि पुढचा हात कुठला ते डोक्यात धरायचं. मी करून बघितलं, चौथ्या हातालाच गोंधळले. आईला अठरा पाठ आहेत. (गॅसवर दूध ठेवलेलं विसरते, ते वेगळं.)

२०२० मध्ये हडपसरच्या ८५ वर्षांच्या शांताबाई पवारांचा लाठीचा व्हिडिओ आम्हाला कुणी पाठवला होता? ह्याच मामानं. त्या पोटासाठी रस्त्यावर आल्या होत्या. आपल्याला लाज वाटायला हवी होती, आपण टाळ्या वाजवल्या. केरळात वटकऱ्याच्या मीनाक्षी अम्मा साडी नेसून कळरीपयट्टू ही तिकडची युद्धकला शिकवतात. २०१७ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर त्यांना पद्मश्री मिळाली, तेही कौतुकच. दुसऱ्याची आजी वाघीण, आपल्या आक्कानं मात्र जपमाळ ओढायची!

हाडं ठिसूळ असतील, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारूनच करावं, मान्य. आम्हीही विचारलं होतं.

आणि मामाचंही कळतं. आजी खुबा मोडून अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं हगणंमुतणं त्यानंच काढलं. तो घाबरणारच.

पण परवा कपिलतीर्थ मंडईत कोबीच्या पाल्यावरून आईचा पाय सटकला. न्हाणीघरात सटकला होता तसाच. ह्या वेळी मागचा पाय आपोआप पवित्र्यात गेला. पिशवीतली अंडीसुद्धा फुटली नाहीत. हे मामाला सांगायचंच राहिलं.

आत्ता आई म्हणतेय, "त्याला फोन लाव. म्हणावं, रविवारी सहाला तालमीत ये. बीपी त्यालाबी हाय."