वेबसाइटवर गर्दी जमवण्याचे खात्रीशीर उपाय

तुमची वेबसाइट आहे आणि तिकडे कुणी फिरकत नाही? मग तुमच्या खात्यात अजून पैसे शिल्लक असणार. ते वेबसाइटच्या नावाने कसे उडवावेत याचं अगदी ताजं ज्ञान माझ्यापाशी आहे. आमच्या वहिनी मिरजेत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकतात. त्यांच्या साइटचं 'डिजिटल मार्केटिंग' नुकतंच पार पडलं. ऑर्डर वहिनींना यायच्या होत्या, कार्ड माझं होतं. ऑर्डरचं अजून काही कळलं नाही, कार्डाचं बिल मात्र वेळेवर आलं.

तेव्हा वाचकहो, लिहून घ्या.

एजन्सी शोधायला जाऊ नका, ती तुम्हाला शोधत येते. सकाळी डोमेन, म्हणजे साइटचं नाव, नोंदवा, संध्याकाळच्या आत फोन. "सर, आपकी वेबसाइट का फ्री ऑडिट किया है, बहुत सारे एरर हैं. थर्टी डेज में फर्स्ट पेज, गॅरंटी." पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गुगलने स्वतःच्या मदतीच्या पानांवर लिहून ठेवलंय. तिकडे लक्ष देऊ नका. गुगलला गुगलमधलं काय कळतं?

पहिल्या पानावर येणार, पण काय शोधल्यावर, हे चुकूनही विचारू नये. महिनाअखेर ते तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवतात आणि त्यात तुम्ही खरोखरच पहिले असता. 'होममेड प्रीमियम थालीपीठ भाजणी मिरज ऑनलाइन बेस्ट क्वालिटी' असं कुणी टाइप केलं की पहिली आमच्या वहिनींचीच साइट. आजवर हे फक्त एजन्सीच्या पोरानेच टाइप केलंय, ही गोष्ट वेगळी.

एसईओ (गुगलच्या शोधात साइट वर आणण्याची खटपट) म्हणजे नक्की काय करणार, हेही विचारू नका. त्यांनाही संकोच वाटतो.

आता बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक. १९९८ साली स्टॅनफर्डमधल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी पानांची प्रतवारी लावणारा पेजरँक मांडला, त्यातूनच गुगल उभं राहिलं. विचार साधा होता: शोधनिबंधाचा मान त्याचा हवाला कोण आणि किती जण देतात यावर ठरतो, तसा पानाचाही ठरवावा. दुसऱ्या साइटने आपणहून तुमच्याकडे बोट दाखवलं, तर तुमच्यात काहीतरी असेल. यातलं 'आपणहून' तेवढं खोडून टाका. मांडवात भाड्याचे वऱ्हाडी बसवले तरी फोटोत पंगत भरलेलीच दिसते.

आम्हाला एक्सेल शीट मिळाली. ५०० ओळी, ५०० बॅकलिंक, शेजारच्या रकान्यात 'डीए' (डोमेन ऑथॉरिटी, म्हणजे साइटचं वजन) म्हणून मोठमोठे आकडे. हा डीए गुगलचा नव्हे, मॉझ नावाच्या एका खासगी कंपनीने लावलेला अंदाज, पण आकडा हिरव्या रंगात असला की गिऱ्हाईक गप्प बसतं. मी मात्र रविवारी दुपारी एकेक लिंक उघडत बसलो. पहिली पोलंडमधल्या मोटरसायकलवाल्यांच्या अड्ड्यावरची. तिथे आमच्या वहिनी सभासद. फोटोच्या जागी करड्या रंगाचा गोल आणि खाली भाजणीची लिंक. पुढे ऑनलाइन रमी, मग आणखी रमी. मग नळदुरुस्तीवरचा एक इंग्रजी लेख. त्याचा सारांश असा: नळ ठिबकत असेल तर वॉशर बदला, व्हॉल्व्ह तपासा, आणि घरात सुख नांदायचं असेल तर अस्सल थालीपीठ भाजणी मागवा. त्यापुढे पुन्हा वॉशर. वहिनींनी वाचून एवढंच विचारलं, "भावजी, हे लिहायचे पैसे दिलेत आपण?"

दिलेत, वहिनी. मोजून दिलेत.

या विकतच्या लिंकांविरुद्ध गुगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाची सुधारणा आणली, तेव्हा असल्या ढिगांवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली गेल्या. आता तर असल्या लिंका गुगल बहुतेक वेळा सरळ धरतच नाही. म्हणजे ५०० लिंकांचा परिणाम शून्य. पण एजन्सीला याचं दुःख नाही. पुढच्या तिमाहीत तीच मंडळी 'टॉक्सिक लिंक रिमूव्हल'चं पॅकेज घेऊन येतात. घाण टाकायचे पैसे वेगळे, उचलायचे वेगळे.

लिंकांनी जमलं नाही की जाहिरात द्या. इथे सगळ्यात महत्त्वाचा नियम: पडद्यावर जे आधीपासून टिक केलेलं असेल त्याला हात लावायचा नाही. कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दावर जाहिरात दिसावी तो, नुसता टाकला की तो ब्रॉड मॅच, म्हणजे गुगलला जे जे त्याच्या आसपासचं वाटेल ते ते. अवतरणचिन्हांत घातला तर आवर बसतो, चौकटी कंसात घातला तर आणखी आवळला जातो. पण चिन्हं टाइप करायला वेळ कुणाला आहे? ठिकाण महाराष्ट्र निवडलं तरी त्यात 'महाराष्ट्रात रस दाखवणारे'ही आपसूक येतात, मग ते बसलेले कुठेही असोत. डिस्प्ले नेटवर्कची (म्हणजे गुगलच्या जाहिराती लागतात त्या इतर साइट आणि अ‍ॅपची) टिक राहिली तर मोबाइलवर खेळणाऱ्या पोराच्या अंगठ्यालाही तुमची जाहिरात लागते. आणि रोजचं बजेट ठरवलंत म्हणून निर्धास्त होऊ नका. एखाद्या दिवशी त्याच्या दुप्पट खर्च करायची गुगलला मुभा आहे, फक्त महिन्याचा हिशेब ३०.४ पटीच्या आत ठेवायचा. वर १८ टक्के जीएसटी.

जाहिरात कुणी काय शोधलं तेव्हा दाबली गेली, याची यादी खात्यात असते. एजन्सी ती पाठवत नाही, मागावी लागते. मी मागितली. पुन्हा मागितली. आली तेव्हा तिच्यात होतं: 'मसाला डोसा नियर मी'. 'मसाला पॅकिंग मशीन किंमत'. 'मसाला कंपनीत नोकरी पुणे'. 'मसाला एजन्सी कशी घ्यावी'. 'भाजणी घरी कशी करावी', हे तर पानभर. म्हणजे ज्यांना भाजणी घरीच करायचीये, त्यांना आम्ही पैसे भरून विकतच्या भाजणीपर्यंत आणत होतो. नोकरी शोधणाऱ्या त्या पोरांनाही काय वाटलं असेल कुणास ठाऊक. वगळायचे शब्द, म्हणजे 'रेसिपी', 'नोकरी', 'मशीन', हे टाकायला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटं! मी फोन करून विचारलं, "निगेटिव्ह कीवर्ड का नाही टाकले?"

"सर, वो मशीन लर्निंग है, धीरे धीरे सीखेगा."

माझ्या पैशावर शिकेल! अरे, माझ्या पुतण्याला शिकवायला एवढा खर्च येत नाही.

सतत रिपोर्ट बघत राहा, मन प्रसन्न राहतं. आमचा ट्रॅफिक तिप्पट झाला होता आणि सगळ्यात जास्त पाहुणे होते अ‍ॅशबर्नचे. "सर, आपका ब्रँड यूएस जा रहा है." घरात क्षणभर आनंद झाला, तिकडे मराठी मंडळी पुष्कळ आहेत. पण अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधलं हे अ‍ॅशबर्न जगातल्या मोठ्या डेटा सेंटरांचं, म्हणजे सर्व्हरच्या गोदामांचं, गाव आहे. तिथून येतात ते बहुतेक बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणारे प्रोग्राम. थांबण्याचा सरासरी वेळ शून्य सेकंद. सर्व्हर थालीपीठ खात नाहीत.

आणि तो 'कन्व्हर्जन'चा, म्हणजे जाहिरातीमुळे काम फत्ते झाल्याच्या नोंदींचा, रकाना! तो भरलेला होता, कारण एजन्सीने वहिनींच्याच ब्रँडच्या नावावर जाहिरात लावली होती. ज्या बाया गेली कितीतरी वर्षं त्यांच्याकडून भाजणी नेतात, त्या नाव टाकून साइट शोधायच्या. खाली साइट फुकटात दिसत होतीच, पण वर जाहिरात, मग जाहिरातीवर बोट. आमचंच जुनं गिऱ्हाईक आम्ही पैसे भरून विकत घेतलं, आणि ते एजन्सीच्या कर्तृत्वात जमा झालं.

इथवर मी हसत होतो. मग वहिनींनी काम थांबवायचं ठरवलं आणि खात्याचं लॉगिन मागितलं. उत्तर आलं, "मॅडम, अकाउंट तो कंपनी का है." डोमेन? तेही कंपनीच्या ईमेलवर. ज्या नावाचं लेबल वहिनी स्वतः पाकिटांवर चिकटवतात, ते नाव कुठल्यातरी ऑफिसातल्या पोराच्या इनबॉक्समध्ये. नूतनीकरण तुमच्या हातात नाही, जाहिरातींचा इतिहास तुमच्या हातात नाही, आणि वर 'क्लिअरन्स चार्जेस'चं बिल. ही फसवणूक आहे, मार्केटिंग नाही. गिऱ्हाइकाला खर्चाचे, क्लिकचे आणि इंप्रेशनचे (जाहिरात किती वेळा दिसली त्याचे) आकडे द्यावेच लागतात, हा मध्यस्थांसाठी गुगलचाच नियम आहे. तो दाखवल्यावर यांचा फोन 'आउट ऑफ कव्हरेज'.

लाज वाटली पाहिजे. पहाटे उठून धान्य भाजणाऱ्या बाईकडून हप्ते घेता आणि पाच मिनिटांचं काम करत नाही? साइटच्या तळाला अजून लॅटिनमधला नमुना मजकूर पडलाय, 'ऑर्डर करा' दाबलं तर व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, गुगल मॅपवर दुकानाची नोंद फुकट असते तीसुद्धा केली नाही. आणि पोलंडमध्ये जाऊन लिंका लावता!

आणि तुम्ही, वाचकहो. दहा रुपयांची कोथिंबीर घेताना जुडी उलटीपालटी करून बघता आणि कुणी 'सर' म्हटलं की कार्डाचा नंबर वाचून दाखवता. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), जाहिरातीचं खातं, अ‍ॅनालिटिक्स (पाहुण्यांची मोजदाद), चारही तुमच्या स्वतःच्या ईमेलवर हवीत. एजन्सीला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा. हे पहिला हप्ता भरण्याआधी. शोधशब्दांची यादी दर आठवड्याला मागा. 'देखते हैं सर' म्हणाले तर तिथूनच उठा, चहासुद्धा घेऊ नका.