वास येतोय, पण कुठून?

पावसाळ्यात मालवणातल्या घरात एखादा वास शोधून काढायचा म्हणजे जत्रेत चोर शोधण्यापैकी काम. न सुकलेले कपडे, बुरशी आलेल्या चपला, डब्यातलं सुकट, पडवीतला उतरलेला फणस, सगळे आपापल्या परीने घमघमत असतात आणि त्यात बोका आपली भर घालून जातो.

आमच्याकडे पहिला आळ अर्थातच सुकटावर. डबा बाहेर गेला, कावळ्यांची चंगळ झाली, वास जागच्या जागी. मग बाबांचा रेनकोट, मग माझे बूट. शेवटी शेजारच्या काकी ओटीवर आल्या, एकदाच नाक ओढलं आणि निकाल दिला, "सुकटाक कित्याक नाव ठेवतास? ह्यो बोक्याचो वास आसा!"

पण मे महिन्यात तर काहीच येत नव्हता! तिथेच गोम आहे. मुतातल्या युरिक अ‍ॅसिडचे बारीक खडे होतात, ते साध्या पाण्याने जात नाहीत आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. त्यात आमच्या भिंती चिऱ्याच्या, गिलावा नाही, आणि चिऱ्याचा जांभा दगड म्हणजे नुसती भोकं, जे पडेल ते पिऊन बसतो.

भावाने यूव्ही टॉर्च मागवला, त्याच्या उजेडात मूत चमकतं म्हणे. काळोख हवा होता, त्याची सोय लाइट जाऊन आपोआप झाली. सगळ्यात जास्त चमकलं ते बाबांचं बनियन (धुण्याच्या पावडरीचा प्रताप), आणि मग दाराच्या चौकटीशेजारी, गुडघ्याच्या जरा खाली, भिंतीवर पिवळट ओघळ. बोके शेपूट ताठ करून उभ्या भिंतीवर फवारा मारतात, लादी बिचारी निर्दोष.

आई लगेच फिनेल घेऊन हजर. फिनेल मांजरांना विषारी, अमोनियावाला क्लीनर म्हणजे त्याला पुन्हा या असं आमंत्रण, आणि ब्लीच तर नकोच नको, मुतातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. राहिलं एन्झाइमवालं लिक्विड. ते भिंतीत मुरेपर्यंत ओतायचं आणि मग, बाटली सांगते, 'आपोआप सुकू द्या'. जुलैत! हे लिहिणाऱ्याने एकदा आमच्याकडे येऊन टॉवेल सुकवून दाखवावा.

बोक्याचं ऑपरेशन केलं की फवारणी बहुतेक वेळा थांबते किंवा कमी होते म्हणे. पण बोका कोणाचा? बांगड्याची डोकी खातो काकींकडे, झोपतो आमच्या पडवीत, उंदीर मारला की दोन्ही घरं त्याच्यावर हक्क सांगतात, आणि ऑपरेशनच्या पैशाचा विषय काढला की काकींना अचानक भाताचा कुकर आठवतो.