हरणं कमी करा, मी स्लगच्या बाजूने आहे

गेले कित्येक दिवस एका गोगलगायीने डोकं व्यापलंय माझं. शंखवाली नाही हं, बिनशंखाची, स्लग म्हणतात ती, जी दिसली की लोक ई करून पाय मागे घेतात. हिचं नाव हायडा ग्वाय स्लग, शास्त्रीय नाव स्टाला ग्वाय, आणि त्यातला स्टाला हा हायडा या कॅनडातल्या मूळनिवासी लोकांच्या भाषेतला स्लगसाठीचाच शब्द आहे, किती छान ना! कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडे हायडा ग्वाय नावाची बेटं आहेत तिथं, आणि व्हँकुव्हर बेटाच्या वायव्येला ब्रुक्स नावाचं द्वीपकल्प आहे तिथं, बास. तिसरी जागा अख्ख्या जगात नाही. शास्त्रज्ञांना ती सापडली २००३ मध्ये, आणि क्रिस्टिना ओवास्का आणि सहकाऱ्यांनी तिचं रीतसर वर्णन छापलं २०१० मध्ये. म्हणजे आपल्याला तिची ओळख झाली काल परवा, ती मात्र हिमयुगापासून तिथं आहे, कारण सगळीकडे बर्फ पसरला तेव्हा या दोन ठिकाणचे काही तुकडे उघडे राहिले होते असं मानतात आणि त्यातच ही टिकली.

जीव केवढा, तर बोटाच्या पेराएवढा. पाठीवर वर आलेलं कुबड, त्यावर बारीक बारीक दाणे, रंग कधी कुळकुळीत काळा, कधी मातकट करडा, ओल्या दगडांमध्ये बसली तर समोर असून दिसायची नाही. राहते बहुतेक डोंगरात वर, जिथं झाडं खुरटत जातात, पाणी झिरपत असतं, शेवाळ असतं, जमिनीला चिकटून उशीसारखी वाढलेली झुडपं असतात. शंखवाली निदान उन्हात आत जाऊन दार लावून बसते, हिला ती सोय नाही, हिचं घर म्हणजे ती ओलच. आपण म्हणतो गोगलगाय नि पोटात पाय, पण त्या पोटातल्या पायावर ही जाणार किती लांब? एक माथा वाळला तर दरी उतरून पलीकडच्या डोंगरावर जाणं हिला शक्यच नाही. आणि हवामान तापलं की वर सरकायचं म्हटलं तर तिथला सगळ्यात उंच माउंट मोर्सबीसुद्धा ११६४ मीटरला संपतो, त्याच्यावर आकाश.

आता हरणं. काळ्या शेपटीची सिटका हरणं या बेटांवर मुळात नव्हतीच, १९ व्या शतकाच्या शेवटी माणसांनी आणून सोडली. तिथं लांडगे नाहीत, पुमा नाहीत, मग वाढली अफाट. त्यांचं तोंड जिथवर पोचतं तिथवर जंगल खालून साफ होतं, सीडरची रोपं वर येत नाहीत (ज्या सीडरपासून हायडा लोक होड्या आणि कोरीव खांब करतात तोच), आणि पाला गेला की सावली जाते, सावली गेली की ओल जाते. डोंगरात वरही हीच हरणं चरतात आणि तुडवतात.

म्हणून मी सरळ लिहिते, तिथली हरणं कमी केलीच पाहिजेत, आणि कमी म्हणजे मारूनच, दुसरा उपाय तिथं चालणारा नाही. मला माहितीये हे वाचून काहींना राग येईल, हरणाचे डोळे मलाही आवडतात, हरणाचा काही गुन्हाही नाही, गुन्हा आणणाऱ्यांचा आहे. पण दिसायला गोड म्हणून एकाला माफी आणि चिकट म्हणून दुसरी मेली तरी चालेल, हा न्याय मला मान्य नाही. २०१७ मध्ये हायडा नेशन (हायडा लोकांचं स्वतःचं शासन) आणि पार्क्स कॅनडा (तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) यांनी मिळून सहा बेटांवरून हरणं काढायचं काम हाती घेतलं, हे अवघड आहे कारण हरणं चक्क पोहत परत येतात, तरी केलं, त्याबद्दल मनापासून सलाम.

माझी तक्रार वेगळीच आहे. २०१३ मध्ये तिथल्या तज्ज्ञ समितीने या स्लगला ‘विशेष चिंता’ या वर्गात टाकलं, कारण हरणांमुळे आणि तापत्या हवामानामुळे तिची राहायची जागा खालावतेय, तरी डोंगरात वर ती अजून टिकून आहे. पण कॅनडाच्या कायद्यात मारणं, पकडणं, इजा करणं यावरची जी बंदी आहे ती या वर्गाला लागूच होत नाही, फक्त व्यवस्थापनाचा आराखडा करावा लागतो. अहो, अख्ख्या जगात नोंद आहे ती अगदी मोजक्या ठिकाणची, मग अजून किती कमी झाल्यावर चिंता वाढणार? निदान माथ्यावरच्या थोड्या पाझरांना आत्ताच कुंपण घाला, हरणं आत जाणार नाहीत असं, आणि आतलं शेवाळ आणि बाहेरचं शेवाळ दरवर्षी जाऊन बघा. पेराएवढ्या जिवाला जागा लागते ती केवढीशी!